त्रेपन्नवाले डॉक्टर

लग्नाच्या पंगतीत आमच्याकडे ओळख निघते ती अमक्यांची सून, तमक्यांचा भाचा अशी. डॉक्टरांची ओळख अवयवांवरून निघायची. पान वाढलेलं आहे, भातात रसम ओतलंय, आणि हे शेजारच्या बाईंना म्हणणार, "तुमच्या सासूबाईंचं अपेंडिक्स मजला अजून आठवतं. काय सुरेख होतं." बाईंच्या हातातला घास पानात. माणसाला चेहरा म्हणून काही असतो, हे डॉक्टरांच्या गावीही नव्हतं. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी दारात उभं करून "आपण कोण?" विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय. त्याच मेहुण्याच्या पित्ताशयाचा तुकडा लावलेली काच पुढे केली असती तर उठून मिठी मारली असती.

शरीरातून काढलेला तुकडा बघून तो भला की वाईट हे सांगायचं, हा त्यांचा धंदा. पॅथॉलॉजिस्ट. रोगी बघावा लागत नाही, त्याचे नातेवाईक बघावे लागत नाहीत, हात हातात घेऊन धीर देणं नाही. देवाने माणूस नीट पारखून जागेवर बसवला होता. तंजावरच्या मेलवीदीत, म्हणजे पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्यावर, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत लॅब होती. तमिळ लोक त्यांना 'रायर डॉक्टर' म्हणत. आम्हा मराठी माणसांना तिथे रायरच म्हणतात, तीनशे वर्षं होत आली तरी. लॅबमध्ये बसायला एकच खुर्ची, ती त्यांची. बाकी आलेल्यांनी उभं राहावं, पाकीट द्यावं आणि जावं. "कधी मिळेल रिपोर्ट?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मला दिसेल तेव्हा."

मी तिथे कशी पोचले ते सांगते. मी आठवी पास, तेही तमिळ शाळेत. आमचं घर त्यांच्या घराच्या पाठीला पाठ लावून. दोन परसांत एक भिंत, भिंतीत एक दार. एक दिवस त्या दारातून डोकं आलं आणि म्हणालं, "अक्का, तुम्हांस मराठी लिहिता येतं?" मी म्हटलं, येतं, पण तमिळ अक्षरांत. "पुरे," म्हणाले, आणि डोकं परत गेलं. एवढीच माझी मुलाखत. वर्ष दोन हजारला पोचेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षं, मी ते काम केलं.

काम असं. डॉक्टरांचे दोन्ही डोळे मायक्रोस्कोपात. बघतानाच लिहिता येत नाही. म्हणून ते बघत बघत बोलायचे आणि मी शेजारी स्टुलावर बसून वहीत उतरवून घ्यायची. संध्याकाळी त्या वहीवरून ते इंग्रजी रिपोर्ट टाइप करत, दोन बोटांनी, टाइपरायटरला शिव्या देत. पण बघणं मराठीतच. मी एकदा विचारलं, सरळ इंग्रजीतच का नाही सांगत? तर म्हणाले, "इंग्रजीत बघितलं की पुस्तकात असतं तेच दिसतं. मराठीत बघितलं की समोर असतं ते."

आता मराठी बोलणारी घरं तंजावरात पुष्कळ. पण देवनागरी त्यांना येत नव्हती, मलाही नव्हती. आमची घरं वाण्याच्या यादीपासून माहेरच्या पत्रापर्यंत सगळं तमिळ अक्षरांतच लिहीत आलेली. तुम्हाला त्यातली गंमत ठाऊक नसेल. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. एकत्र कुटुंब. ट, ठ, ड, ढ यांचंही तेच. ज्याला जो हवा त्याने तो समजून घ्यावा. मी एकदा पापनाशमच्या आत्याला लिहिलं, 'यंदा घर केलं'. तिने वाचलं, 'यंदा घर गेलं', आणि पहिल्या बसने सांत्वनाला हजर. नव्या घरात बसून दोन दिवस रडली, कारण रडायची तयारी करून आली होती, ती वाया कशी घालवायची.

डॉक्टरांना दुसरा नाद मोजण्याचा. काचेवरच्या पेशी मोजत, ते ठीक, ते कामच. पण ते देवळाच्या पायऱ्या मोजत, ताटातल्या इडल्या मोजत, तिरुवैयारुला गाणं ऐकायला गेले तर गवई किती वेळा खाकरला ते मोजून येत. मोजून त्याचं करायचं काय, हे विचारू नये. "मोजलं. झालं." जे धरायचं नाही तेही मोजत. धरायचं नाही हे मोजल्याशिवाय कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं.

मग ती वर्षं आली, ज्यांत दिल्लीने देशाची दारं उघडली म्हणतात. कोणाच्या गच्चीवर तबकडी आली, कोणाच्या हातात परदेशी कोला. आमच्या डॉक्टरांकडे मद्रासहून थर्मोकोलच्या पेटीत, बर्फात बसून, करंगळीएवढी बाटली आली. देशाने इतकी वर्षं बंद ठेवलेलं दार या बाटलीसाठीच उघडलं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आत उंदराच्या पेशींनी केलेलं काहीतरी औषध. त्यांच्या फ्रिजचं दार लागत नसे, म्हणून ती बाटली माझ्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी. मी ब्राह्मणाच्या घरात उंदीर ठेवून घेतला आणि कोणाला बोलले नाही.

हे औषध पेशीतल्या एका प्रोटीनला शोधून धरतं आणि मग ते प्रोटीन तपकिरी दिसतं. त्या प्रोटीनचं नाव इंग्रजी 'पी' आणि पुढे त्रेपन्न. 'पी' डॉक्टरांनी गाळून टाकला. मूत्राशयात गाठ असली, ती काढली, तर ती परत येईल का आणि खोल घुसेल का, याचा अंदाज या त्रेपन्नावरून बांधता येतो असं तेव्हा मोठमोठ्या मासिकांत छापून येत होतं. डॉक्टरांना तर झपाटल्यासारखं जाहलं. "आज दोन त्रेपन्न आहेत अक्का," असं सकाळीच भिंतीच्या दारातून ऐकू यायचं. समोरचा पानवाला मला एकदा हळूच विचारून गेला, की ही त्रेपन्न नंबरची बस कुठून सुटते.

मला त्यांनी एकदाच समजावून सांगितलं, तेही मी चौथ्यांदा विचारलं म्हणून. त्रेपन्न म्हणजे पेशीचा राखणदार. चांगला राखणदार फेरी मारून निघून जातो, म्हणून निरोगी पेशीत तो दिसत नाही. बिघडलेले राखणदार जात नाहीत. काम करत नाहीत, घरीही जात नाहीत, दारात गर्दी करून विड्या ओढत बसतात. म्हणून तपकिरी दिसतं. जितकं तपकिरी जास्त तितकं घर चोरांना मोकळं. शंभरात किती तपकिरी झाले की घाबरायचं, ते दर मासिकात वेगळं होतं. त्यावर ते म्हणायचे, "विद्वान आहेत. एकमत जाहलं तर पोट कसं भरेल?"

काच रंगवायच्या आधी लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात, दाबाखाली उकळावी लागे. दाबाखाली म्हणजे कुकरात. कुकर कोणाचा? माझा. मी विचारलं, किती शिट्ट्या? "अडीच." मी आयुष्यभर कुकर लावला, मला अर्धी शिट्टी कधी भेटली नाही. त्यांना रोज भेटायची. पुढे त्या कुकरात मी भात लावला नाही. नव्या कुकरासाठी आमच्या ह्यांच्याशी जे भांडण झालं ते वेगळंच.

आमचे हे. त्यांच्याकडे आता यावं लागेल, कारण गोष्ट त्यांच्या मूत्राशयाची आहे.

ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत आयुष्यभर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवून हे निवृत्त झालेले. लघवी लाल झाली तेव्हा पंधरा दिवस बीटाला दोष देत होते. आमच्या घरात बीट शिजून सहा महिने झालेले. मग लघवीत गुठळी पडली तेव्हा बीट सुटलं आणि आम्ही तिरुच्ची रस्त्यावरच्या नव्या हॉस्पिटलात गेलो. सगळं काचेचं, आत एवढं गार की निरोग्याला ताप यावा. सर्जन तरुण, परदेशातून ताजा आलेला. त्याने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढली आणि आम्हाला समोर बसवलं. गाठ वरवरची आहे, म्हणाला, पण जात वाईट. मग दोन वाटा सांगितल्या. एक, मूत्राशय ठेवायचं, आत औषध सोडायचं आणि दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने डोकावायचं. पण गाठ तेवढ्यात खोल घुसली तर वेळ गेलेली असेल. दुसरी, मूत्राशयच काढून टाकायचं आणि पोटाला भोक पाडून लघवीची पिशवी लावायची, जन्मभर.

ह्यांनी विचारलं, "पिशवी कुठे ठेवायची?" जशी काही बाजारची पिशवी. सर्जन म्हणाला, एक नवी तपासणी आहे, प्रोटीनची, तंजावरातच होते, ती बघून ठरवू.

गाठीचा तुकडा डॉक्टरांकडे जाणार हे मला माहीत होतं. पण लॅबमध्ये नावं चालत नसत. पाकिटावरचं नाव ते एकटे बघत, मग आकडा घालत, आणि मला फक्त आकडा. मी आशेने रोज त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्या तोंडावर कधी काही दिसलंय?

रिपोर्ट परस्पर हॉस्पिटलात गेला. सर्जनने बोलावून सांगितलं, प्रोटीन पॉझिटिव्ह, भरपूर आहे. मूत्राशय काढलेलं बरं, पुढच्या गुरुवारी. ह्यांचा चेहरा उजळला. "पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच की," म्हणाले. बसमध्ये मी समजावून सांगितलं. घरी आल्यावर म्हणाले, प्रोटीन म्हणजे डाळ, आणि डाळ मी घालत आले. झालं. आमच्या घरात सांबार बंद, हरभऱ्याचं सुंडल बंद. शेजारणींनी विचारलं तर सांगायचे, "हिच्या डाळीने ही वेळ आणली." रात्री मात्र पोटावर हात ठेवून पडून राहायचे. मूत्राशयाची जागा नेमकी कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं. बेंबीपासून खाली सगळीकडे हात फिरवायचे.

डॉक्टर त्या दिवसांत आमच्याकडे फिरकले नाहीत. एरवी आठवड्यातून दोनदा सकाळी खायला यायचे, न बोलावता. मला वाटलं, मी रागावले होते त्याचा राग धरून बसले असतील. हो, मी रागावले होते. ते सांगायचंच राहिलं, आणि तेच सगळ्याचं मूळ.

मंगळवारी सकाळी हॉस्पिटलच्या पिशवीत ह्यांची धोतरं घालताना, सर्जनने दिलेल्या कागदांतला तो रिपोर्ट पहिल्यांदा मी हातात घेतला. इंग्रजी मला अक्षरं लावून येतं. वर कोपऱ्यात आकडा होता, एकशे अठरा. आकडा वाचला आणि माझं डोकं कुठेतरी अडकलं. हा मी लिहिलाय. म्हणजे माझ्याच नवऱ्याची काच माझ्याच हाताने लिहून घेतली मी, आणि मला पत्ता नाही.

भिंतीच्या दाराने लॅबमध्ये गेले, वही काढली. प्रत्येक आकड्याखाली माझ्या चार-पाच ओळी. एकशे अठराखाली एकच ओळ. गाठ तपकिरी, शंभरात साठ. निदान तसं वाचता येत होतं. पण एकच ओळ का? डॉक्टर एका ओळीत थांबणारे नव्हेत. मी उभ्या उभ्या ती ओळ परत वाचली, आणि मला दोसा आठवला.

तो सोमवार होता. डॉक्टर माझ्याकडे दोसे खाऊन लॅबमध्ये बसले होते. एकशे अठरावर डोळा लावून म्हणाले, "काठ तपकिरी. शंभरात साठ." मी लिहिलं. पुढे म्हणाले, "हा धरायचा नाही हं अक्का. थेंब काठाशी सुकतो, रंग तिथे साचतो. तुमच्या आजच्या दोशासारखं. काठ करपलेला, मधे कच्चं." आता मला सांगा, माझ्या घरचं खाऊन वर हे बोलायचं? चाळीस वर्षांत माझ्या दोशाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी पेन मिटलं. पुढचं एक अक्षर लिहिलं नाही. तेवढ्यात वीज गेली, मायक्रोस्कोपचा दिवा विझला. "मधलं उद्या मोजू," म्हणाले. उद्या मी गेलेच नाही. परवाही नाही. कणीक मळत घरात फुगून बसले. आणि हॉस्पिटलचा माणूस रिपोर्टसाठी दारात येऊन उभा, तर डॉक्टरांनी, मधलं मोजायचं राहिलंय हे विसरून, वही उघडली आणि वहीत होतं ते टाइप केलं. क आणि ग एकच अक्षर. मी काठ लिहिला, त्यांनी गाठ वाचली. काचेचा सुकलेला काठ गाठ होऊन बसला, आणि त्यापायी गुरुवारी माणसाचं मूत्राशय निघणार होतं.

वही घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ते इडल्या खात होते. मी वही ताटाशेजारी ठेवली आणि म्हटलं, वाचा.

"गाठ तपकिरी. शंभरात साठ."

"परत वाचा."

"अक्का, मी एकदा वाचतो. एकदाच बरोबर वाचतो."

"ते काठ आहे डॉक्टर. काठ. तुम्ही माझ्या दोशाला बोललात म्हणून पुढचं मी लिहिलं नाही."

ते बघत राहिले. वहीकडे नाही, माझ्याकडे. मला वाटतं माझा चेहरा त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मग विचारलं, "मी किती खाल्ले होते?"

"चार."

"चार. पाचवा घेतला नव्हता." बोटांवर मोजून बघितलं. "मग खरं. करपलेला होता म्हणोन नव्हता घेतला."

मी म्हटलं, ही काच आमच्या ह्यांची आहे. "ठाऊक आहे," म्हणाले. "पाकिटावर नाव होतं. म्हणोन तर तुम्हांस तोंड दाखवत नव्हतो." आणि उरलेली इडली तशीच टाकून उठले. इडली टाकून उठलेले मी त्यांना आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

हात धुवायचेही विसरले. मेणात ठेवलेला ह्यांचा तुकडा काढला, त्याची नवी पातळ चकती कापली, काचेवर बसवली. कुकर मी लावला. त्या दिवशी अर्ध्या शिट्टीवरून मी वाद घातला नाही. मला ती ऐकूही आली, शपथ. काठ सुकू नये म्हणून या वेळी औषधाचा थेंब टाकल्यावर डॉक्टरांनी काच ओल्या कापडाच्या डब्यात झाकून ठेवली आणि डब्याशेजारी बसून राहिले. सगळं होईपर्यंत दुपार टळली. एरवी कोणाला हात लावू न देणारे, त्यांनी मला स्टुलावरून उठवलं आणि मायक्रोस्कोपापुढे बसवलं. "बघा. तुमचंच घर आहे."

मला निळे ठिपके दिसले. रांगोळीचे ठिपके एकमेकांत शिरावेत तसे, दाटीवाटीने, वेडेवाकडे, पण निळे. तपकिरी कुठे एखादा, शोधावा लागेल असा. चाळीस वर्षं ज्या माणसाला मी वाढलं त्याच्या आत असलं काही असेल, हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला सारून शंभर मोजले. चार. परत मोजले. तीन. तिसऱ्यांदा मोजले, चार. तीन आणि चार यांत जुळत नाही म्हणून स्वतःवरच चिडले.

"म्हणजे परत येणार नाही?" मी विचारलं.

"राखणदार दारात गर्दी करून बसलेले नाहीत, एवढंच दिसतं. चोर येणार नाही असं त्रेपन्न सांगत नाही. कोणीच सांगत नाही."

"मग एवढं मोजून उपयोग काय?"

"उपयोग हा, की कापायचं तर त्याने दुसऱ्या कारणाने कापावं. माझ्या कागदाने नको."

डॉक्टर कामासाठी मेलवीदी सोडून कुठे जात नसत. फोनवर बोलत नसत. दुसऱ्या बाजूला कोण आहे ते दिसत नाही, ही तक्रार. त्या दुपारी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, हाताला इडलीची वाळलेली चटणी, अशा थाटात माझ्याबरोबर रिक्षात बसून हॉस्पिटलात आले. सर्जनला भेटायला बाहेर बसावं लागतं असं सांगणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "तुमचे टॉन्सिल काढलेत का?" ती घाबरून बाजूला झाली. आत सर्जनबरोबर त्याचे तीन शिकाऊ डॉक्टर उभे. त्यांच्यादेखत डॉक्टर म्हणाले की माझा रिपोर्ट चुकला.

सर्जनला ते आवडलं नाही. ऑपरेशनची खोली ठरलेली, भूल देणारा ठरलेला. पण माणूस सभ्य होता. ज्येष्ठाला सांभाळून घ्यावं म्हणून हळूच म्हणाला, तांत्रिक चूक म्हणून नोंदवू या सर, यंत्राची होते कधी कधी.

"यंत्राची नाही. माझी. मी काठाला गाठ वाचलं."

ते त्याला कळेना. वही दाखवली. त्याने तमिळ म्हणून वाचलं आणि म्हणाला, "हे तर 'काडु' वाटतंय." काडु म्हणजे रान, जंगल. एक शब्द, तीन माणसं. एकीचा काठ, एकाची गाठ, तिसऱ्याचं जंगल. आणि असल्या कागदावर माणसाचं पोट उघडतात. सगळी दारं उघडून आत घेतलेलं उंदराचं औषध बिचारं बरोबर होतं.

डॉक्टरांनी तिथेच कागद मागून हाताने लिहून दिलं, आधीचा रिपोर्ट रद्द, कारण लिहिताना चूक नव्हे, वाचताना चूक, आणि खाली सही. गाडी तिथे थांबली नाही. सर्जनने अट घातली की परत एकदा आत जाऊन खरवडून बघणार, स्नायूपर्यंत. तिथे काही सापडलं तर मूत्राशय जाईल, त्रेपन्न काहीही म्हणो. बरोबरच होतं त्याचं. गुरुवारी तेच केलं. मी बाहेर बसले. डॉक्टर माझ्याशेजारी बसून छताच्या फरशा मोजत होते. पांढऱ्या वेगळ्या, डाग पडलेल्या वेगळ्या. मला म्हणाले, "अक्का, सापडलं तर माझं पहिलं चुकलेलं बरोबर ठरेल." माणूस दिलासा देत होता की आपली भीती सांगत होता, कोणास ठाऊक. दोन्ही त्याला सारखंच जमत होतं.

स्नायूत काही सापडलं नाही.

मूत्राशय राहिलं. क्षयाच्या लशीचंच औषध आत सोडायचे, सहा आठवडे. हे घरभर कण्हत फिरायचे आणि डाळ पुन्हा खायला लागले. पुढच्या वर्षांत गाठ दोनदा परत आली. लहानशी, वरवरची, खरवडली. प्रत्येक तीन महिन्यांनी दुर्बिणीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात भांडण व्हायचं, कारण नसलेलं. त्रेपन्नाची हवाही ओसरली. मग लघवीतच सापडणारी दुसरी प्रोटीनं आली, त्यांचे नवे आकडे, त्यांच्यावर नवे विद्वान, आणि त्यांचंही एकमत नाही. डॉक्टर ती मासिकं वाचून फेकायचे आणि परत उचलून वाचायचे. आमचे हे पुढे बारा वर्षं जगले. हृदयाने गेले. मूत्राशय स्वतःचंच घेऊन गेले.

वहीत तमिळ अक्षर मात्र बंद झालं. डॉक्टरांनी पुण्याच्या कुणा नातेवाइकाकडून बालवाडीचं अंकलिपी पुस्तक मागवलं. एम.डी. झालेला माणूस आणि आठवी पास बाई, दोघं एका स्टुलाशी बसून 'घ घराचा' गिरवत होतो. त्यांचा घ आयुष्यभर उलटाच राहिला. माझा सुधारला. तुम्ही हे वाचताय ते त्याच्यामुळे. दोष द्यायचा तर कोणाला द्यायचा ते कळलं ना?

पण मला त्यांचं चित्र डोळ्यासमोर येतं ते वेगळंच. दुसऱ्यांदा, स्नायूपर्यंत खरवडल्यावर ह्यांना घरी आणलं त्या दिवसाचं. सकाळी हॉस्पिटलात लघवीची नळी काढली होती. घरी स्वतःहून झाली तर ठीक, नाही झाली तर परत घेऊन या, असं सांगून सोडलं होतं. तीन तास झाले, होईना. हे पाणी प्यायले, ताक प्यायले, नारळपाणी प्यायले, देवाला नमस्कार केला. शेवटी परसातल्या न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. मी मागच्या पायरीवर बसले. भिंतीच्या दारातून डॉक्टर आले, काही न विचारता शेजारच्या पायरीवर बसले. मी काही बोलायला गेले तर त्यांनी हाताने थांबवलं.

बराच वेळ काही नाही. नारळाच्या झावळीवर कावळा होता, तोही गप्प.

मग आतून आवाज आला. आधी थेंब थेंब, अडखळत, आणि मग एकसारखी धार, पत्र्याच्या बादलीत. ती थांबेचना. मी तोंडाला पदर लावला.

डॉक्टरांनी डोळे मिटले होते. एक बोट वर केलं.

"ऐका अक्का," म्हणाले. "याला म्हणतात रिपोर्ट."